भेट म्हणून हत्यार घेताना

घरातली डागडुजी हौसेने करणाऱ्याला हत्यार द्यायचं तर आधी त्याच्या पेटीत काय आहे ते पाहून घ्या. ड्रिल घेणार असाल तर हॅमर ड्रिलच घ्या. आपल्या भिंती विटांच्या नाहीतर काँक्रीटच्या. तिथे नुसतं फिरणारं ड्रिल तापतं, भोक मात्र पडत नाही. १३ मिमीचा चक घरकामाला पुरतो. सोबत ६ आणि ८ मिमीचे कार्बाइड टोकाचे बिट, त्याच मापाच्या गिट्ट्या आणि गॉगल द्याच, नाहीतर मशीन खोक्यात पडून राहतं. बॅटरीवरचं घेताना त्याच्याकडे आधीपासून कोणत्या कंपनीचं मशीन आहे ते विचारा, कारण एकीची बॅटरी दुसरीला सहसा बसत नाही.

खिशाला जड वाटतंय? तरी शंभर नगांचा स्वस्त संच नको. त्यातल्या स्क्रू ड्रायव्हरची टोकं झिजतात आणि स्क्रूची खाचही खराब होते. त्यापेक्षा नाशिकच्या टपारियाचा एकच चांगला पाना किंवा स्पिरिट लेव्हल द्या. विजेच्या कामाची हत्यारं १००० व्होल्टची खूण पाहूनच निवडा. खंडेनवमीच्या आधी दिलीत तर पूजेलाही मांडता येतील. बिल आणि वॉरंटी कार्ड मात्र भेटीसोबतच द्या.