थर्माकोलमधील हवेचे ओझे

बालाघाटाच्या डोंगररांगेत, रामलिंगाच्या अभयारण्याला लागून असलेल्या येडशीवरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, आणि शहरांतून निघालेले फ्रीज व दूरचित्रवाणी संच खेड्यापाड्यांतील घरांत पोहोचून त्यांची खोकी उघडली गेली म्हणजे आतला शुभ्र थर्माकोल तेवढा निराश्रित होऊन उकिरड्यावर येतो. लोखंड, पुठ्ठा नि रद्दी आनंदाने तोलून घेणारा भंगारवालाही त्याला सहसा हात लावीत नाही.

याचे कारण त्या पदार्थाच्या घडणीतच आहे. पॉलिस्टायरीनच्या बारीक मण्यांत पेंटेन हा चटकन वायुरूप होणारा द्रव मुरवून त्यांना वाफ दिली असता ते आपल्या आकाराच्या चाळीस पटींपर्यंत फुगतात, व मग साच्यात एकमेकांना चिकटून जो ठोकळा तयार होतो त्यात सुमारे 98 टक्के हवा असते. एक घनमीटर थर्माकोल अवघा 15 ते 20 किलो भरतो. अर्थात 30 घनमीटरांची मालमोटार शिगोशीग भरली तरी माल पाचसहाशे किलोंपलीकडे जात नाही, आणि भाडे मात्र पूर्ण मोटारीचे द्यावे लागते. पुनर्वापराचा खरा शत्रू ही हवाच आहे. ती यंत्राने दाबून अथवा उष्णतेने काढून टाकली, की उरलेल्या घट्ट लादीचे दाणे होतात, व त्या दाण्यांपासून तसबिरींच्या चौकटींसारख्या वस्तू निघतात. म्हणून हे यंत्र दूरच्या कारखान्यात असून भागत नाही. ते जिथे कचरा जमतो त्या तालुक्याच्या ठिकाणी हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या ताटवाट्यांवर व सजावटीवर बंदी घातली, त्यामुळे गणपतीच्या मखरांचा प्रश्न पुष्कळसा हलका झाला. वेष्टनातला थर्माकोल मात्र येतच राहिला. तो पेटवून देणे हा उपाय नव्हे, कारण त्यातून काळाकुट्ट, श्वासाला घातक धूर निघतो. आणि उघड्यावर टाकला तर वाऱ्याने त्याचे मणी सुटून रानात विखुरतात, तेथून ते वेचून काढणे कोणाच्याही आवाक्यातले नाही.

बांधकामातला थर्माकोल अधिक कटकटीचा असतो. त्याला चुनासिमेंट चिकटलेले असते, शिवाय त्याच्या जुन्या तक्त्यांत आग रोखण्यासाठी हेक्झाब्रोमोसायक्लोडोडेकेन हे घातक द्रव्य मिसळण्याचा प्रघात होता. ते 2013 साली स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत गेले व 2018 साली भारतानेही त्यावर बंदी घातली. तेव्हा असा जुना माल वेष्टनाच्या मालात कदापि मिसळता कामा नये.

वेष्टनाच्या स्वच्छ तुकड्यांना मात्र गावातच एक उपयोग सापडू शकतो, आणि त्याला मालमोटारीचे भाडेही पडत नाही. त्यांचा चुरा सिमेंटमध्ये मिसळून स्लॅबवर थर दिला, तर चैत्र-वैशाखात खालच्या खोलीत उतरणारी उष्णता कमी होते. हा थर भार पेलणारा नसतो, सबब तो छतापुरताच ठेवावा व त्यावर साध्या सिमेंटचा पातळ गिलावा अवश्य द्यावा.