चैत्रातील अवकाळी पाऊस आणि घरची परसबाग

महाशिवरात्रीची यात्रा पांगली, की औंढा नागनाथच्या परिसरात उन्हाचा ताव वाढू लागतो. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण याच तालुक्यात असले, तरी डोंगराकडील वस्त्यांत या दिवसांत पाण्याची ओढ जाणवते आणि परसातील वांगी-मिरचीला पाणी घागरी मोजून घालावे लागते. अशा वेळी फाल्गुन-चैत्रातील एखाद्या दुपारी आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि तासाभरात अंगण पाण्याने भरते. या पावसाने घरात आनंद होतो. परंतु आठवडाभराने भोपळ्याची कळी गळालेली, टोमॅटो तडकलेले व पपईचे झाड माना टाकलेले दिसते. तेव्हा हाच पाऊस शाप वाटू लागतो. पाऊस एकच असतो. त्याचा लाभ व्हावा की हानी, हे बहुतांशी त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत काय केले जाते यावर ठरते.

पावसाचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. त्यामुळे गुंठाभर परसबागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १,००० लिटर पाणी मिळते. १५ लिटरची घागर धरली, तर या सुमारे ६५ घागरी झाल्या. घरातील स्त्रियांना डोक्यावरून वाहाव्या लागणाऱ्या इतक्या खेपा एका पावसाने वाचू शकतात.

मात्र हे पाणी वरच्या थरातच राहते. मार्चच्या उन्हात उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला सुमारे ६ ते ८ मिलिमीटर पाणी उडून जाते. उघडी, भिजलेली जमीनही याच वेगाने सुकू लागते. म्हणून पाऊस पडून गेला एवढ्यावर समाधान मानू नये. तो जमिनीत टिकवावा लागतो.

घराच्या पत्र्यावरील पाणीही वाया घालवू नये. ४० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पावसात ४०० लिटर पाणी पडते. थोडे वाया गेले, तरी पन्हळ लावून ३०० लिटरांपर्यंत ते पिपात धरता येते. सुरुवातीचे धुळीचे पाणी सोडून द्यावे आणि डास होऊ नयेत म्हणून पीप झाकून ठेवावे.

आभाळ भरून येताच

परसातील तयार कांदा व लसूण काढून पडला असेल, तर तो प्रथम आडोशाला न्यावा. भिजलेला कांदा मानेपासून सडू लागतो. हिंगोली जिल्ह्यात या दिवसांत अंगणोअंगणी शिजवलेली हळद वाळत असते. ती गोळा करून ताडपत्रीखाली झाकावी. पुन्हा भिजलेल्या हळदीचा रंग उतरतो व तिला बुरशी लागते. पिकण्याच्या बेतात आलेले टोमॅटो तोडून घ्यावेत, कारण कोरड्या जमिनीला एकाएकी भरपूर पाणी मिळाले की फळांच्या साली तडकतात. रोपांच्या वाफ्यावर बांबूच्या कामट्यांवर गोणपाट अगर जुने लुगडे ताणून बांधावे. गारांचा मारा त्यामुळे पुष्कळसा अडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर, त्यात मराठवाड्यावरही, गारपिटीचे संकट आले होते. तेव्हा हे भय काल्पनिक नाही.

मेघगर्जना ऐकू येताच मात्र सर्व कामे सोडून पक्क्या घरात जावे. झाडाखाली उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास लोटल्यावरच बाहेर पडावे. कांद्याचे अगर हळदीचे मोल माणसाच्या जिवापेक्षा अधिक नाही.

पाऊस थांबल्यावर: पाणी काढा, पाय टाकू नका

डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत पाणी लवकर मुरते. तेथे वाहून गेलेली माती रोपांच्या बुडाशी पुन्हा लावावी. खोलगट भागातील काळी, चिकण जमीन याहून वेगळी आहे. तिच्यातील मातीचे कण पाण्याने फुगतात, भेगा मिटतात आणि पाणी वरच साचते. साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. पपईला तर एक-दोन दिवसांचे साचलेले पाणीही मारक ठरते. म्हणून वाफ्याच्या कडेने खुरप्याने लहान चर काढून जास्तीचे पाणी केळीच्या खोडाकडे अगर शोषखड्ड्याकडे न्यावे.

याखेरीज त्या दिवशी वाफ्यात शिरू नये. ओल्या काळ्या मातीवर पाय पडले, की ती घट्ट दबते आणि सुकल्यावर विटेसारखी होते. खुरपणीसाठी वापसा येऊ द्यावा. मूठभर माती दाबून पाहावी. ती हाताला चिकटली, तर थांबावे. गोळा होऊनही अंगठ्याने दाबताच भुगा झाला, तर वापसा आला असे समजावे.

वापसा येताच हलकी खुरपणी करून वरचा पापुद्रा फोडावा आणि लगेच गव्हाचे काड, सोयाबीनचा भुसा अगर वाळलेला पालापाचोळा यांचे दोन-तीन इंच आच्छादन द्यावे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी. हे आच्छादन म्हणजे त्या ६५ घागरींवरील झाकण होय.

फुले आणि रोग

पावसाळी हवेत मधमाश्या बाहेर पडत नाहीत. वेलवर्गीय भाज्यांचे मादीफूल थोडाच काळ उमललेले राहते. तेवढ्यात परागकण न पोचल्यास कोवळे फळ पिवळे पडून गळते. अशा दिवशी नरफूल तोडून त्याचा मध्यभाग मादीफुलाच्या मध्यावर अलगद टेकवावा. मादीफुलाच्या देठाशी लहान फळाचा आकार असतो, त्यावरून ते ओळखता येते. काकडी, कारली व लाल भोपळा यांसाठी हे काम सकाळी करावे. दोडका व दुधी भोपळा यांची फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून त्यांच्यासाठी ते सायंकाळी करावे. घरातील मुलेही हे काम आवडीने करतात.

पाने दीर्घकाळ ओली राहिली, की टोमॅटोवर करपा व वेलांवर केवडा यांचा शिरकाव होतो. जमिनीला टेकलेली खालची पाने काढावीत, वेल मांडवावर चढवावेत आणि मोडलेल्या फांद्या धारदार चाकूने साफ कापाव्यात. गारांनी झोडपलेली मिरची व वांगी लगेच उपटू नयेत. खोड शाबूत असल्यास ती पुन्हा फुटतात.

टोमॅटो व मिरचीवर करप्याचे ठिपके दिसल्यास बोर्डो मिश्रण फवारावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना ५ लिटर पाण्यात, मातीच्या अगर प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवावा. नंतर दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतून गाळून घ्यावीत. स्वच्छ विळ्याचे टोक त्यात मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. फवारणीपूर्वी तयार फळे तोडून घ्यावीत आणि पालेभाज्यांवर व कोवळ्या पालवीवर ते फवारू नये.

ग्रामसेवकांचे कार्य

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून हवामानावर आधारित कृषिसल्ला मिळतो, आणि विजेची पूर्वसूचना देणारे ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले आहे. ही माहिती गावाच्या फलकावर वेळेवर लिहिली जाईल, असे ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी पाहावे. पाऊस पडून गेल्यावर एखाद्या घरच्या परसात चार कुटुंबांना बोलावून मुठीने वापसा ओळखणे आणि आच्छादन पसरणे प्रत्यक्ष करून दाखवावे. पाहिलेले काम माणूस विसरत नाही.

वैशाखात बाजारातील भाजी महागते, तेव्हा ज्या घरच्या मांडवावर दोडका लोंबत असतो, त्या घरच्या मुलांच्या ताटात भाजी राहते. चैत्रातल्या त्या एका पावसाचे पाणी वेळीच काढले, वापशाची वाट पाहिली आणि ओल झाकून ठेवली, एवढ्याचेच हे फळ असते.