औषध, धर्म आणि हेतू

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘मिशनऱ्यांचे दवाखाने म्हणजे धर्मांतराचं आमिषच ना?’ प्रश्न रास्त आहे. पण एका वाक्यात हो किंवा नाही म्हणण्याआधी आपण प्रत्यक्ष उदाहरणं पाहू. आपल्याकडचा वाद थोडा बाजूला ठेवू आणि पूर्व आफ्रिकेत जाऊ.

१८६८ मध्ये अल्जीयर्सचे आर्चबिशप लाव्हिजरी यांनी ‘व्हाइट फादर्स’ हा कॅथलिक मिशनऱ्यांचा संघ काढला. त्यांचा हिशेब स्पष्ट होता. परक्या माणसाला गावात कुणी घेत नाही, पण वैद्याला घेतात. म्हणून गुलामगिरीतून सोडवलेल्या काही आफ्रिकन मुलांना त्यांनी माल्टा बेटावर वैद्यक शिकायला पाठवलं. त्यांतला एक आद्रियन अतिमान. नायजर नदीच्या काठचा हा मुलगा लहानपणी पळवला गेला, विकला गेला आणि मिशनऱ्यांनी पैसे देऊन सोडवला. १८८९ मध्ये तो टांगानिका सरोवराच्या काठी करेमा या ठिकाणी आला. १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे तब्बल ६७ वर्षं, त्याने तिथेच रोगी तपासले आणि धर्मशिक्षणही दिलं. या काळात तिथले जर्मन राज्यकर्ते गेले, ब्रिटिश आले. अतिमान तिथेच होता.

आता इथे हेतू शुद्ध होता का? नव्हता, निदान निव्वळ नव्हता. मरणाच्या दारातल्या बाळांना दवाखान्यात बाप्तिस्मा दिला जाई, काही वेळा आईबापांना न सांगता. हे लपवण्यात अर्थ नाही. शिवाय गावातल्या वैदूंना आणि सुइणींना अडाणी ठरवण्यात मिशनऱ्यांचा हात होताच.

पण कांट काय म्हणतो ते नीट ऐका. माणसाला ‘केवळ’ साधन म्हणून वापरू नका, असं तो म्हणतो. सगळा भार त्या ‘केवळ’वर आहे. दुकानदार माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहतो, त्यात पाप नाही. मग मिशनऱ्यांच्या बाबतीत हे ‘केवळ’ ओळखायचं कसं? पहिली कसोटी सोपी आहे. जो धर्म बदलत नाही त्यालाही औषध मिळतं का? दुसरी अधिक कठीण. रोग्याच्या गरजेसाठी संस्था स्वतः बदलते का?

दुसऱ्या कसोटीसाठी युगांडात जाऊ. १९०३ मध्ये आयर्लंडच्या मदर केव्हिन कंपालाजवळच्या न्साम्ब्याला आल्या. आजारी माणसं दारात येऊ लागली, त्यांत बाळंतपणात अडलेल्या बायाही होत्या. आणि इथेच पंचाईत झाली, कारण व्रतस्थ सिस्टरांनी प्रसूतीचं काम करू नये असा रोमचा दंडक होता. म्हणजे बघा, बाई समोर मरते आहे आणि मदतीला आलेल्या बाईचे हात नियमाने बांधलेले! मदर केव्हिन यांनी डॉ. एव्हलिन कॉनोली यांना सोबत घेतलं. त्या व्रतस्थ नव्हत्या, त्यामुळे त्यांना ही आडकाठी नव्हती. दोघींनी मिळून स्थानिक मुलींना सुईणकाम आणि परिचर्या शिकवायला सुरुवात केली.

हीच अडचण अविभाजित हिंदुस्थानात रावळपिंडीला काम केलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टर अॅना डेंगेल यांनाही जाणवली होती. नियम बदलावा म्हणून त्यांनीही रोमकडे पाठपुरावा केला. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने सूचनापत्र काढून सिस्टरांना वैद्यकाची आणि प्रसूतीची वाट मोकळी केली. कितीतरी पिढ्यांचा संकोच मोडला, तो खेड्यातल्या अडलेल्या बायांमुळे. त्यांनी अर्ज केला नव्हता, परिषद भरवली नव्हती. त्या फक्त दारात आल्या होत्या.

याने वसाहतवादाला माफी मिळते असं मी म्हणत नाही. सरकारी वैद्यकसेवा बरीचशी शहरं, सैन्य आणि गोरे अधिकारी यांच्याभोवती फिरत होती. खेडी मिशनांवर सोडली गेली, हाही त्या राज्यव्यवस्थेचाच भाग. आणि ती घडी इतकी पक्की बसली, की युगांडात आणि टांझानियात आजही रुग्णसेवेचा मोठा वाटा चर्चच्या रुग्णालयांकडे आहे.

तेव्हा ‘आमिष होतं का?’ याचं माझं उत्तर असं : होतं, पण तेवढंच नव्हतं. दुसऱ्याच्या मनातला हेतू आपल्याला मोजता येत नाही. आपण एवढंच पाहू शकतो, की गरज आणि नियम समोरासमोर आले तेव्हा कोण वाकलं, रोगी की संस्था? हा प्रश्न आपल्या गावच्या दवाखान्यालाही विचारून पाहा, मग तो कुठल्याही धर्माचा असो किंवा सरकारचा.