जळत गेलेले ते तारे नव्हते

२ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे रांगेने सरकत गेले. कुणी त्यांना तुटलेले तारे म्हटले, कुणी उल्का. पुढे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचे मोठे कडे सापडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले.

तारा कधीच तुटून पडत नाही. उल्का म्हणजे वातावरणात शिरून पेटणारा दगडाचा तुकडा, बहुधा वाळूच्या कणाएवढाच. तिचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो, म्हणून ती क्षणात विझते. अवकाश कचरा (निकामी उपग्रह, रॉकेटचे भाग) सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, तिरपा येतो आणि बराच वेळ दिसतो. ओळखायची सोपी खूण हीच.

ही आग केवळ घर्षणाची, हा समजही अपुरा आहे. सायकलच्या पंपात हवा दाबली की पंप तापतो. तशीच वेगाने येणाऱ्या तुकड्याच्या पुढ्यातली हवा एकाएकी दाबली जाऊन प्रचंड तापते.

कमी दिव्यांच्या भागात असे दृश्य छान दिसेल, जरूर पाहावे. मात्र शेतात तुकडा सापडल्यास हात लावू नका, त्यात विषारी इंधन असू शकते. तहसील कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवा.