‘आई, मला मनातून बरं वाटत नाही’



मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि आपल्यातलीच एक ताई हळूच म्हणाली, “पोरगी बारावीला आहे. चार दिवसांपूर्वी म्हणाली, आई, मला मनातून बरं वाटत नाही, कुणाला तरी दाखव. मी म्हटलं, तुला काय कमी आहे गं? तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलतच नाही.”

सगळ्या गप्प झाल्या. कारण ‘तुला काय कमी आहे’ हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय.

लेकरू असं सरळ क्वचितच सांगतं. आधी पोट दुखतं, डोकं दुखतं, कॉलेजला जावंसं वाटत नाही. लग्न झालेली लेक फोनवर नुसतं “काही नाही गं” म्हणते. सरळ बोलायला तिनं बरेच दिवस धीर गोळा केलेला असतो. म्हणून आपलं पहिलं उत्तर फार महत्त्वाचं. एवढंच म्हणा, “बरं झालं सांगितलंस. कधीपासून होतंय?” आणि मग ऐका. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे तोंडावर आलं तरी गिळा. तिनं सांगितलेलं शेजारी किंवा पाहुण्यांत बोलू नका.

साधी उदासी की आजार?
परीक्षेची भीती, भांडण, टोमॅटोचा भाव पडला म्हणून घरात ताण, हे सगळ्यांना असतं. पण दोन आठवडे किंवा जास्त दिवस झोप-जेवण बिघडलं, कशातच मन लागेना, रडू येतं, माणसात नको वाटतं, तर दाखवायला हवं. हा आळस नाही, नाटक नाही. थायरॉईड किंवा शुगरसारखाच हाही आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

जायचं कुठं?
पहिली पायरी घरातूनच. 14416 हा सरकारचा ‘टेलि-मानस’ नंबर आहे. 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. मुलगी बोलायला तयार नसेल, तर आईनं फोन करून विचारलं तरी चालतं.

मग आशाताईला विचारा. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशनाची सोय असते. नारायणगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात समुपदेशक कोणत्या दिवशी भेटतात, हे आधी विचारून घ्या, म्हणजे गाडीभाडं आणि रोज वाया जाणार नाही. मानसोपचार डॉक्टरांची गरज पडली, तर पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आणि ससून आहे.

गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. देवाला नारळ फोडायचा तर जरूर फोडा, पण त्यासाठी डॉक्टर थांबवू नका.

कायदा काय म्हणतो?
2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मूल 18 वर्षांच्या आतलं असेल, तर उपचाराचा निर्णय साधारणपणे आईवडील घेतात. म्हणजे आपण ‘नाही’ म्हटलं, तर तिची वाट तिथंच अडते.

मरणाचं बोलली तर
“मी नसते तर बरं झालं असतं” असं म्हणाली, तर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा, “जीव द्यायचं मनात येतं का?” विचारल्यानं तसं मनात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. तिला एकटं सोडू नका. आपल्या घरोघरी द्राक्षाच्या, टोमॅटोच्या फवारणीची औषधं असतात. ती त्याच दिवशी कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. काही खाल्लं-प्यायलं असेल, तर वाट न बघता 108 ला फोन करा.

हा भाग मुलीला वाचायला द्या
पोरी, आई कामात असताना सांगू नकोस. भाकरी झाल्यावर, दोघीच असताना सांग. “मला त्रास होतोय” यापेक्षा “तीन आठवडे झोप नाही, अभ्यास डोक्यात शिरत नाही, मला डॉक्टरकडं ने” असं सांगितलं की लवकर कळतं. बोलवत नसेल तर चिठ्ठी लिही. आईला नाही समजलं तर मावशी, मोठी बहीण, शाळेतल्या बाई किंवा आशाताईला सांग.

नाशिकच्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ नावाच्या उपक्रमात बचत गटांतल्या आणि गावातल्याच माणसांना दुसऱ्याचं दुःख ऐकून घ्यायला शिकवलं होतं. शिक्षण मोठं लागत नाही, ऐकायची तयारी लागते. ती आपल्याकडं आहे. 14416 हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवू या.

त्या ताईला बैठकीत सगळ्यांनी एकच सांगितलं: “अजून वेळ गेली नाही. आज घरी जा, तिच्याजवळ बस आणि म्हण, त्या दिवशी माझं चुकलं. आता सांग.”