दाताची कीड आणि ग्रामीण रोगी

महाड-पोलादपूरकडे, किंबहुना साऱ्या मराठी मुलखात, दात दुखू लागला की ‘कीड लागली’ असे म्हणतात. दात पोखरणाऱ्या किड्याची ही कल्पना फ्रेंच दंतवैद्य प्येर फोशार याने १७२८ सालीच अमान्य केली. साखरेवर पोसलेले जंतू आम्ल निर्माण करतात व त्यात दंतवल्क विरघळते, हा विचार मिलर याने १८९० मध्ये मांडला. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ‘किडे’ पाडण्याचा जुना उपाय अर्थातच व्यर्थ होय.

खड्डा वरवरचा असेल तर तो एका बैठकीत भरता येतो. गाभा सडल्यावर मात्र रूट कॅनाल, म्हणजे मुळातील नलिका स्वच्छ करून बंद करणे, हाच दात राखण्याचा मार्ग. त्यास बहुधा दोन-तीन खेपा पडतात. आंबेनळी घाटाखालच्या वाडीतून येणाऱ्यास प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. तो दात उपटूनच मागतो, यात अज्ञानापेक्षा हिशेब अधिक आहे.

मिश्रीचा प्रश्न याहून बिकट. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू कोकणातील अनेक स्त्रिया हिरड्यांस चोळतात. कळ तात्पुरती कमी वाटते, व्यसन जडते आणि उपचार लांबतो. कीटण काढल्याने दात हलू लागले, ही तक्रार अशाच विलंबातून उद्भवते. हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने ते झाकलेले असते इतकेच. गालाच्या आत पांढरा चट्टा आढळल्यास दंतवैद्याने दुखऱ्या दाताआधी तो तपासावा. ती कर्करोगाची पूर्वावस्था असू शकते.