तळपायावरचा काळा डाग

जालना जिल्ह्यात कपाशी वेचताना, मोसंबीला पाणी देताना पायात काटा मोडणं रोजचंच. म्हणून टाचेवरचा काळा डाग ‘कुरूप असेल’ म्हणत अंगावर काढला जातो.

सावळ्या कातडीला मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरंच वाचवतं, त्यामुळे मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे विरळा. झालाच तर अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली, म्हणजे ऊन फारसं पोचत नाही तिथे.

मेलॅनोमा ज्यांच्यापासून होतो, त्या रंगपेशींवर ‘किट’ नावाचं ग्राहक-प्रथिन असतं. वाढीचा घटक येऊन चिकटला, की ते पेशीला वाढीचा हुकूम देतं. किट जनुकात बिघाड झाला, तर घटक नसतानाही हुकूम सुटतच राहतो. बटण अडकलेली विहिरीवरची मोटार जणू. तळपायाच्या काही मेलॅनोमांत हा बिघाड असतो, हे २००६ साली दिसून आलं. तो बहुधा गाठीतच घडतो, मुलाबाळांकडे जात नाही. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब अशा काही रुग्णांना लागू पडतं.

डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, रक्त येत असेल किंवा नखातली काळी रेघ रुंदावत असेल, तर ब्लेड लावू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, निदान तुकडा तपासूनच होतं.